पक्कड आणि चिमटा

पक्कडरावांनी लावलेलं झाकण उघडायचं तर पक्कडरावांनाच हाक मारावी लागते, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चहापत्तीचा डबा, तेलाचा कॅन, औषधाची बाटली, काहीही असो, त्यांच्या हातून बंद झालेली वस्तू म्हणजे कुलूपबंद. नळ बंद करायचे तेही असे, की वर्षातून दोनदा वायसर बदलावा लागे. बुटाच्या नाडीची गाठ सोडवायला त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, स्वयंपाकघरातला एक जुना काटाचमचा कायमचा देऊन टाकला होता. तो दाराशी चपलांच्या फळीवरच पडलेला असे. पाहुणे विचारत, "हा इथे कशाला?" वहिनी म्हणत, "ह्यांच्या पायांना भूक लागते."

'वहिनी' हे नाव त्यांना घरात मिळालं, पण गल्लीने ते ओढून घेतलं. समोरच्या टेलरच्या त्या वहिनी, मग त्याचं बघून सगळ्यांच्याच. कॉलेज पुरं केलेली बाई, वाचनाचा नाद, आणि घरातल्या कुठल्या वस्तूचं काय दुखतंय ते वस्तूने सांगायच्या आत ओळखणारी नजर. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की या घरात प्लॅस्टिकची बरणी टिकायची नाही. स्टीलच्या डब्याला पक्कडरावांचा हात सोसतो. प्लॅस्टिकच्या झाकणाला मात्र कडेने केसाएवढी चीर पडते, मग तिच्यातून मुंग्या आत जातात आणि साखर दमट होते. त्यांनी हळूहळू सगळं स्टील केलं. एकच प्लॅस्टिकची बरणी राहिली होती, साखरेचीच, कारण तिचं तोंड रुंद होतं आणि वहिनींचा जीव तिच्यावर होता. ती वहिनी डाळीच्या डब्यामागे लपवून ठेवत, आणि झाकण स्वतः दोन बोटांनी लावत.

पक्कडरावांचा तरी काय दोष? उभा जन्म बसच्या डेपोत फिटर म्हणून गेला. मिसरूड फुटायच्या आधी ज्या वस्तादाच्या हाताखाली ते लागले, त्याचं एकच शास्त्र होतं: नट बसला असं वाटलं की तो बसलेला नसतो, अजून अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, द्यायचा. "पोरा, वर साठ माणसं बसतात," वस्ताद म्हणे, "त्यांतलं एकही खाली वाकून बघत नाही, तू काय करून ठेवलंयस ते. विश्वासावर बसतात." तेव्हाच्या बसचे रेडिएटर पितळेचे. त्यांची तोंडं अशी दणकट, की त्यांवरच्या नळीची क्लिप कितीही आवळा, हूं का चूं नाही. तो अर्धा आटा पक्कडरावांच्या मनगटात मुरला. पुढे वस्ताद गेला, पितळ गेलं, डेपोतली निम्मी माणसं निवृत्त झाली, पण अर्धा आटा राहिला. नावही त्यातूनच पडलं. डेपोत हलकं काम असलं की इतरांना हाक, आणि कुणालाच न सुटणारा नट असला की, "अरे, पक्कडला बोलवा!" पुढे वय वाढलं तसा मागे 'राव' लागला, इतकंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, छोटी गाडी घेतली. रंग विटकरी, दाराला एक पोचा, पण इंजिन गोड. ती दारात आली त्याच दिवशी बॉनेट उघडून ते आत वाकले आणि तिथूनच ओरडले, "अगं, हे बघ! हे बघ काय लावलंय!"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. इंजिनमधून तापलेलं पाणी वरच्या जाड रबरी नळीतून रेडिएटरमध्ये जातं. ती नळी रेडिएटरच्या तोंडावर जिथे चढवलेली असते, तिथे एक पोलादी पट्टीची गोल क्लिप होती. तिला स्क्रू नाही, काही नाही. दोन कान होते, ते दाबले की ती फाकायची आणि सोडले की आपली आपण नळीला मिठी मारायची.

"क्लिप आहे," वहिनी म्हणाल्या.

"क्लिप? हा कपड्यांचा चिमटा आहे! असल्या चिमट्यावर माणसांनी गाड्या चालवायच्या?" असं म्हणून त्यांनी ती काढली, बाजूला भिरकावली, आणि तिच्या जागी खिशातून आणलेली स्क्रूची क्लिप लावून आवळली. मग अजून अर्धा आटा.

भिरकावलेला चिमटा वहिनींनी उचलला. चांगली वस्तू, वाया का घालवा? न्हाणीघरात धुण्याच्या मशीनचं सांडपाणी नेणारी नळी भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या तोंडावरून सारखी निसटायची आणि घरभर फेस व्हायचा. चिमटा तिथे अगदी मापात बसला. त्या दिवसापासून फेस बंद. पक्कडरावांना हे सांगायची गरज वहिनींना वाटली नाही. सगळंच नवऱ्याला सांगत बसलं तर संसार कधी करायचा?

इतकी वर्षं ती गाडी भाजी आणायला, दवाखान्यात जायला आणि टेलरच्या मुलीला स्टेशनवर सोडायला वापरली गेली. घाटाबिटाचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. मग लेकीला नोकरी लागली.

लेक गुरांची डॉक्टर. लहानपणी गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला पट्टी बांधता बांधता त्याच वाटेने गेली आणि डॉक्टर झाली. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गुरांचा दवाखाना होता. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला घेतलं, पण एक अट घातली. वस्त्या लांब लांब, रस्ते चढाचे, रात्रीबेरात्री गाय अडली तर पोचलं पाहिजे, म्हणून स्वतःची गाडी हवी. सोमवारी सकाळी गाडीसकट हजर व्हायचं, नाहीतर यादीत पुढची मुलगी तयारच होती. अशी जागा पुन्हा कधी निघेल, याचा भरवसा बाईंनाही नव्हता.

"बाबा, आपली गाडी नेऊ?" लेकीने विचारलं.

पक्कडरावांनी मान हलवली. हो अशीही आणि नाही अशीही दिसेल, अशी. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीचं तेल बदललं, ब्रेक पाहिले, टायर घेतले. वहिनींना बरं वाटलं. बोलत नाही, पण तयारीला लागला म्हणजे मानलं.

आणि नेमकं तेव्हाच गाडीला गळती लागली.

सकाळी गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसलं. इंजिन गार ठेवणारं कूलंटच. वरच्या टाकीतली पातळी खाली गेलेली. पक्कडरावांनी चहा टाकून बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, ते चांगलं तापू दिलं, आणि बॅटरीच्या उजेडात एकेक जोड पाहिला. सगळं कोरडं. वरच्या नळीच्या तोंडाशी फक्त सुकलेला हिरवा डाग. त्यांनी इंजिन बंद केलं, क्लिपमध्ये स्क्रूड्रायव्हर घातला आणि अर्धा आटा दिला. रात्री गाडीखाली एक पुठ्ठा पसरला. सकाळी पुठ्ठा ओला. पुन्हा तापवली, पुन्हा कोरडी. पुन्हा अर्धा आटा. पुन्हा पुठ्ठा ओला.

असं रोज चाललं. समोरच्या दुकानात मशीनवर बसलेल्या टेलरला फुकटची करमणूक मिळाली.

"पक्कडराव, तुमची गाडी रात्रीची अंथरूण ओलं करते. डॉक्टरला दाखवा."

"तू तुझ्या पायजम्यांकडे बघ."

"माझ्या पायजम्याचं काय, नाडी सैल असली तरच चालतो. तुमच्यासारखी आवळली तर गिऱ्हाईक बेशुद्ध पडेल."

पक्कडराव हसले नाहीत. एरवी हसले असते.

शनिवारी संध्याकाळी लेक पुठ्ठ्यापाशी उकिडवी बसून म्हणाली, "बाबा, मी वाटेत थांबून थांबून पाणी भरत जाऊ का? कॅन बरोबर ठेवते."

"गळकी गाडी घेऊन तू घाटात जायचं नाहीस." पक्कडरावांचा आवाज एकदम चढला. "चढावर पाणी संपलं, इंजिन तापलं, एका वळणावर बंद पडली, तर? मागून ट्रक आला तर? नाही. गाडी दुरुस्त झाल्याशिवाय दाराबाहेर निघणार नाही. आणि एवढं काय अडलंय? इथे काय गुरं नाहीत? इथे काय कुत्री-मांजरं आजारी पडत नाहीत?"

लेक उठली आणि आत गेली. तिने दार आपटलं नाही, पण ते हळू लावलेलं दारच वहिनींना जास्त लागलं.

जेवणं झाल्यावर, पक्कडराव हात धुवायला आले तेव्हा वहिनींनी विचारलंच. विचारू नये असं त्यांना वाटत होतं, पण काही प्रश्न पोटात ठेवले की नासतात.

"अहो, एक विचारू? गळती थांबावी असं तुम्हाला खरंच वाटतंय ना?"

पक्कडरावांचे हात नळाखाली तसेच राहिले. पाणी वाहत होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे, अख्ख्या डेपोच्या बस ज्याने सरळ केल्या, त्याला घरची एक नळी आवरत नाही, आणि तीही नेमकी याच आठवड्यात. लोक म्हणायचे बाप मुद्दाम..."

"लोक नाही, तू म्हणतेस."

"बरं, मी म्हणते."

त्यांनी नळ बंद केला. नेहमीसारखाच, गच्च. मग स्टुलावर बसले. उंच माणूस, पण बसला की एकदम लहान दिसायचा.

"ती गेली की मला घर खायला उठणार आहे, हे खरं," ते म्हणाले. "ती इथेच राहिली तर मी देवाला नाही म्हणणार नाही, हेही खरं. पण अगं, मी फिटर आहे. माझ्या दारात गाडी गळते, आणि मला कारण सापडत नाही. रोज रात्री मी तो पुठ्ठा पसरतो ना, तेव्हा म्हातारा झालो की काय, कळेनासं झालं की काय, असं वाटतं. मुद्दाम करायला मला काय लाज नाही?"

वहिनींना आपलाच प्रश्न टोचला. डाळीच्या डब्यामागून साखरेची बरणी काढून त्यांनी दोन चहा टाकले. जेवणावर चहा त्या घरात कधी व्हायचा नाही. त्या रात्री झाला.

रविवारी सकाळी वहिनी सगळ्यांच्या आधी उठल्या. लेक जावो न जावो, तिचे कपडे तर धुवायला हवेत, म्हणून त्यांनी मशीन लावलं. मळकट ॲप्रन होते, म्हणून गरम पाण्यावर. मशीनने पहिलं पाणी सोडलं तेव्हा त्या न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. नळी थरथरली, गरम पाण्याने फुगली. चिमटाही किंचित फाकला. मग पाणी ओसरलं, नळी निवली, आकसली, आणि चिमटाही तिच्याबरोबर आत आला. खाली लादी कोरडी ठाक. किती वर्षं झाली याला इथे लावून? रोज गरम, रोज गार, पण याने कधी थेंब सांडला नाही.

वहिनी तशाच बाहेर गाडीपाशी गेल्या. पुठ्ठा ओला होताच. बॉनेट पक्कडरावांनी नुसतं टेकवून ठेवलं होतं. त्यांनी ते वर केलं आणि वाकून पाहिलं. इंजिन रात्रभर निवून थंडगार झालं होतं, आणि नळीच्या तोंडाशी, क्लिपच्या खालून, एक हिरवा थेंब हळूहळू जाड होत होता. त्यांच्यादेखत तो सुटला आणि टप्पकन पुठ्ठ्यावर पडला.

त्यांनी बोट लावलं. नळीचं रबर क्लिपच्या दोन्ही बाजूंनी वर फुगून आलं होतं, जेवणानंतर पट्टा सैल न केलेल्या माणसाच्या पोटासारखं. क्लिपची पट्टी रबरात रुतून बसली होती. आणि नळी जिच्यावर चढवली होती, ते रेडिएटरचं तोंड? वहिनींनी नखाने टकटक केलं. आवाज धातूचा आला नाही.

वहिनींच्या डोळ्यांपुढे साखरेच्या बरणीचं झाकण आलं.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "अहो, उठा. गाडी गळतेय."

"ते मला माहीत आहे," आतून आवाज आला.

"आत्ता गळतेय. या बघायला."

पक्कडराव डोळे चोळत आले. वहिनींनी बोट दाखवलं. दुसरा थेंब तयार होत होता. ते बघतच राहिले. एवढ्या दिवसांत त्यांनी गळती प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिली.

"तुम्ही रोज तापवून बघत होता," वहिनी म्हणाल्या. "तापली की सगळं फुगतं, जोड गच्च बसतो. गार झाली की आकसतं आणि सुटतं. आकसलेल्या रबराच्या मागे जायला तुमच्या क्लिपला येतंच कुठे? ती जिथे आवळलीत तिथेच थांबते."

"म्हणून तर अजून अर्धा आटा..."

"अर्ध्या आट्यानेच तर रबर चिरडलंय. आणि अहो, हे तोंड पितळेचं नाही. हे माझ्या बरणीच्या जातीचं आहे."

पक्कडरावांनी तोंडावर टिचकी मारली. प्लॅस्टिकच. इतकी वर्षं त्या गाडीचं बॉनेट उघडत होते. तोंड प्लॅस्टिकचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. डोळ्यांना माहीत होतं, मनगटाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा चेहरा उतरला. "तडा गेला असेल," ते पुटपुटले. "तोंडाला तडा गेला असेल तर आख्खा रेडिएटर गेला. आज रविवार. कोण देणार?" ते वहिनींकडे न बघता म्हणाले, "तसं झालं, तर तू म्हणालीस तेच खरं ठरलं. मुद्दाम नाही, पण मीच अडवली तिला."

"आधी उघडून तर बघा. रडायला दिवस पडलाय."

लेकही बाहेर आली होती, केस बांधत. तिने काही विचारलं नाही, फक्त खाली बसून घमेलं गाडीखाली सरकवलं. इंजिन गार असल्याने रेडिएटरचं झाकण बिनधोक निघालं. खालची पाणी काढायची चावी सोडून पक्कडरावांनी थोडं कूलंट घमेल्यात घेतलं, पातळी वरच्या नळीच्या खाली जाईपर्यंत. मग क्लिपचा स्क्रू सोडायला घेतला. तो सुटेना. स्वतःचाच हात, स्वतःलाच भारी. शेवटी मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन, दातओठ खाऊन त्यांनी जोर लावला, तेव्हा तो कर्र्कन फिरला.

तेवढ्यात समोरून दुकानाची फळी उघडत टेलर ओरडला, "काय हो, पक्कडरावांनी चक्क काहीतरी सैल केलं? गल्लीत पेढे वाटा!"

"भावोजी, गप्प बसा आणि एक धारदार पातं द्या," वहिनी म्हणाल्या.

नळी ओढून निघायची नाही. पक्कडरावांनी ती आधी गोल फिरवून चिकटलेपण मोडलं, स्क्रूड्रायव्हरने उचकटली नाही, आणि हळूच बाहेर काढली. तोंड उघडं पडलं. त्यावर पांढरट हिरवा थर साचलेला. लेकीने ओल्या फडक्याने तो पुसायला घेतला, गुराची जखम पुसावी तशी, कडेकडेने. तिघंही वाकून बघत होते. पक्कडरावांनी अंगठ्याचं नख तोंडाच्या कडेवरून फिरवायला सुरुवात केली. तडा असला तर नख अडतं. वरून, डावीकडून, खालून. खाली एके ठिकाणी नख थबकलं.

लेकीने फडकं पुढे केलं.

त्यांनी तिथे पुन्हा फडकं घासलं. थर होता, निघाला. पुन्हा नख फिरवलं. सरळ गेलं. पुन्हा एकदा. सरळ.

"नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की टेलरला पलीकडून विचारावं लागलं, "काय नाही?"

"तडा नाही!" लेक ओरडली.

नळीचं चिरडलेलं टोक त्यांनी टेलरच्या पात्याने बोटभर कापून टाकलं. टोक सरळ हवं, तिरकं चालत नाही. नळीला थोडी लांबी होती, भागलं. कापल्यावर आतलं रबर मऊ आणि काळंभोर निघालं. तोंडाच्या कडेला एक गोल उंचवटा असतो, नळी निसटू नये म्हणून. त्या उंचवट्याच्या पार पुढे नळी चढवली. आता क्लिप. पक्कडरावांनी हात पुढे केला, तर वहिनी आत गेल्या होत्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चिमटा होता, फडक्याने पुसून लखलखीत केलेला.

"हा..." पक्कडराव बघतच राहिले. "हा तोच?"

"तोच. तुम्ही फेकलात, मी मशीनला लावला. रोज गरम-गार सोसतोय, बिचाऱ्याने एक थेंब सोडला नाही."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही आवळला असता."

लेक इतकी हसली, की तिला मडगार्डला धरावं लागलं.

पक्कडरावांनी पक्कडीने चिमट्याचे दोन्ही कान दाबले, तो फाकवला, नळीवर सरकवला आणि उंचवट्याच्या मागे बरोबर जागेवर आणला. पकड सोडली. चिमट्याने टक् करून मिठी मारली. झालं. पक्कडराव तसेच वाकून उभे. हातात पक्कड, आणि चेहऱ्यावर पंगतीत शेवटचा पदार्थ वाढायचाच राहिलेल्या माणसाचा भाव.

"याला आवळायचं कुठे?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही, बाबा."

"म्हणजे असंच सोडायचं?"

"असंच."

त्यांनी नळी हलवून पाहिली, ओढून पाहिली. ती हलली नाही. बराच वेळ ते मनगट चोळत उभे होते, जणू तिथे काहीतरी अडकून राहिलं होतं.

घमेल्यातलं कूलंट मळलं होतं, म्हणून नवं मिसळून भरलं. झाकण उघडं ठेवून, आतला हीटर लावून इंजिन चालू केलं. हवेचे बुडबुडे वर आले, पातळी खाली गेली, पुन्हा भरलं. झाकण लावलं. नळी हाताला गरम लागली, मग पंखा सुरू झाला. मग दुपारी पक्कडराव म्हणाले, "चल, टेकडीवर जाऊन येऊ."

लेक स्टिअरिंगवर बसली. त्यांनी एकदाही 'ब्रेक' म्हटलं नाही, असं लेकीचं म्हणणं. दोनदा म्हटलं, असं त्यांचं स्वतःचं कबूल करणं. परत आल्यावर तापमानाचा काटा मध्यावर. रात्री पक्कडरावांनी कोरा पुठ्ठा आणला, गाडीखाली पसरला आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. वहिनी खिडकीतून बघत होत्या. त्यांना वाटलं, हा माणूस उद्या सकाळी ओला पुठ्ठा दिसावा म्हणून प्रार्थना करत असेल की कोरडा? मग त्यांनीच स्वतःला गप्प केलं. काल एकदा विचारलं होतं, पुरे.

सोमवारी पहाटे त्यांना जाग आली तेव्हा शेजारची गादी रिकामी होती. बाहेर पक्कडराव गुडघ्यांवर टेकून, डोकं गाडीखाली घालून बसले होते. ते उठले, पुठ्ठा ओढून काढला आणि दारात उभ्या असलेल्या वहिनींसमोर धरला. उलटा, सुलटा. त्यावर साबणाच्या जाहिरातीतली हसरी बाई होती, बाकी काही नव्हतं.

"कोरडा," ते म्हणाले. आणि मग, ज्याला घर खायला उठणार होतं त्या माणसाने, तो पुठ्ठा आरशासारखा पुढे धरून लेकीच्या खोलीच्या दारावर थाप मारली. "ऊठ गं, डॉक्टरीणबाई! गुरं वाट बघतायत!"

मग धांदल उडाली. ॲप्रन, गमबूट, औषधांची पेटी, वहिनींनी भरलेला डबा. पक्कडरावांनी पाण्याची बाटली भरली, जास्तीच्या कूलंटचा कॅन मागे ठेवला, एक पक्कड आणि एक स्क्रूड्रायव्हर फडक्यात गुंडाळून सीटखाली सारला. तापमानाचा काटा कुठे आला की थांबायचं, तापल्यावर झाकणाला हात लावायचा नाही, हे सगळं लेकीला पुन्हा सांगितलं. ती "हो बाबा" म्हणत गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते रस्त्यातच उभे होते. टेलरने फळी उघडली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी काही बोलला नाही. त्याची मुलगी मागच्या वर्षी अशीच बाहेरगावी नोकरीला गेली होती.

दिवस उन्हाबरोबर वर सरकला. पक्कडराव फोन समोर ठेवून बसले होते. वहिनींनी मशीनच्या नळीला त्यांची जुनी स्क्रूची क्लिप लावायला घेतली, तर ते मागे येऊन उभे राहिले.

"मी आवळू?"

"तुम्ही फोनकडे बघा."

फोन वाजला तो दुपारच्या सुमाराला. वहिनींनी स्पीकर लावला.

"आई, पोचले! कधीचीच पोचले. घाटभर काटा मध्येच होता. घाटमाथ्यावर थांबून मी उघडून बघितलं, नळी कोरडी. बाईंनी गाडी बघितली, म्हणाल्या, म्हातारी आहे पण दमदार आहे. आणि आल्या आल्या एका वासराचा पाय..." मागे कुठेतरी गाय हंबरली. "बरं, बाबा आहेत का?"

"आहे, आहे! बोल!" पक्कडराव फोनवर असे वाकले, जणू ते बॉनेटच होतं.

"बाबा, पाण्याची बाटली कुणी बंद केली?"

पक्कडराव फोनपासून जरा मागे सरकले.

"झाकण मी फिरवलं, बाईंनी फिरवलं, इथला गवळी आहे ना, बैलासारखा, त्यानेही फिरवलं. उघडत नाही! सगळा दवाखाना बाटलीभोवती जमलाय."

वहिनींनी कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. काल सकाळी एवढं रामायण झालं, आणि हे!

पण पक्कडरावांचा चेहरा फुलला होता, कितीतरी दिवसांनी. त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि घरच्या फिटरच्या पूर्ण अधिकाराने म्हणाले,

"अगं, ती स्टीलची आहे. तिला काय होतंय?" मग फोनकडे वळून, "पोरी, सीटखाली पक्कड ठेवलीय बघ. तिने उघड."